त्याच्या कार्डावरचा शिक्का

डिसेंबर अर्धा सरला की बुलढाण्याची थंडी हाडात शिरते. कोर्टाच्या आवारात वकील मंडळी उन्हाचा तुकडा शोधत खुर्च्या सरकवत फिरतात, पक्षकार मफलरात नाक खुपसून पुकाऱ्याची वाट पाहतात, आणि शहराबाहेर पडलं की दोन्ही अंगांना तूर शेंगांनी वाकलेली दिसते. हरभऱ्याचा आंबूस वास दवात मिसळून नाकाला झोंबतो. कापसाने फुगलेल्या गाड्या मलकापूरच्या दिशेने घाट उतरू लागतात आणि त्यांच्यामागे रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकून राहतात. अशा एखाद्या सकाळी बायको माझ्याकडे पाहते आणि म्हणते, "आला तुमचा हंगाम." पूर्वी ती हे हसून म्हणायची. आता नुसतं म्हणते.

शेतकऱ्याला खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम. पन्नाशी आली तरी शहाणपण न आलेल्या आम्हा काही लोकांना आणखी एक असतो, सायकलचा. लांब पल्ल्याच्या स्वाऱ्यांची एक मालिका असते: दोनशे किलोमीटर, मग तीनशे, मग चारशे आणि शेवटी सहाशे. चारही एकाच वर्षात पुऱ्या करायच्या. शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत पोचायचं, वाटेत आयोजकांनी टेबल मांडलेल्या प्रत्येक ठाण्यावर आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा आणि आपलं ओझं आपणच ओढायचं, एवढंच. एका ठाण्यावर जरी उशीर झाला तरी ती स्वारी बाद, आणि ती बाद झाली की त्या वर्षाची मालिका लटकली. चारही जमल्या तर काही महिन्यांनी एक छोटंसं पदक पोस्टाने घरी येतं. शेजारी विचारतात, एवढं करून मिळालं काय? पदक दाखवलं की ते माझ्या बायकोकडे दयेने पाहतात.

गेल्या हंगामात माझी मालिका पुरी झाली. पदक दिवाळीनंतर आलं. आमच्या सायकलवाल्या मंडळींनी कौतुक केलं, ऑफिसात पेढे मागितले, आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य होतं, की मित्राचं अपुरं राहिलेलं तुम्ही पुरं केलंत. मी मान हलवत राहिलो. खरं सांगायचं तर मित्रासाठी मी काहीच केलं नव्हतं. दिगंबर राजूरच्या घाटात कसा गेला, हे ठाऊक असलेला माणूस जगात मी एकटा होतो, आणि ते मी त्याच्या बायकोला सांगितलं नव्हतं. दोनशे झाले की सांगू, असं म्हणून मी दोनशे केले. मग म्हटलं, तीनशे झाले की सांगू. सांगणं पुढे ढकलायला सायकलीइतकं चांगलं निमित्त मला दुसरं सापडलं नाही.

दिगंबर केळवदचा. चिखलीच्या रस्त्यावरचं हे गाव, तिथे त्याची बऱ्यापैकी शेती, विहिरीला बारमाही पाणी, घरात बायको आणि एक मुलगी. त्याची माझी ओळख कोर्टातली. मी तिथे कारकून, तो बांधाच्या वादातला पक्षकार. बाकीचे पक्षकार एसटीने, जीपने, मोटारसायकलवर यायचे. हा धिप्पाड माणूस दर तारखेला काळ्या जुन्या सायकलवर चौदा-पंधरा किलोमीटर चढून यायचा आणि सायकल थेट आमच्या व्हरांड्यात लावायचा. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "बाबू, बाहेर लावली तं चोरी जाईन, अन् चोराची केस बी तुमच्याच टेबलावर येईन. कायले काम वाढवता?" त्याच्या बांधाचा वाद पुढे आपसात मिटला. तोवर आम्ही दोघांनी नव्या सायकली घेतल्या होत्या आणि त्या उतरत्या वयात धापा टाकत पहिले दोनशे पुरे केले होते.

त्याच्याबरोबर सायकल चालवणं म्हणजे पीकपाहणीच असायची. मी घड्याळ पाहत पाय मारायचो, तो दोन्ही बाजूंची शेतं पाहत. "पाह्य, यानं फवारणी चुकवली," "हा हरभरा मर लागून जाते आता," "इथं बोअर मारून पैसे पाण्यात घातले बुवानं, पानी मातर लागलंच नाई." एकदा हिवरा आश्रमाच्या अलीकडे पहाटेच्या धुक्यात त्याने सायकल थांबवली, शेतात उतरला आणि कुणाच्यातरी फुटलेल्या ठिबकच्या नळीला रुमालाने गाठ मारून आला. मी चिडलो. अकरा मिनिटं गेली म्हणालो. त्याने चिखलाचे हात पँटला पुसले आणि म्हणाला, "तुह्यं घड्याळ तुले खाऊन जाईन एक दिवस." त्या वेळी मला हे बोलणं फार लागलं होतं. दिवसभर मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोललो.

घड्याळाचं मला वेड होतं, आणि शिक्क्याचंही. दोन्ही माझ्या नोकरीने दिलं. आमच्याकडे कागदावर शिक्का आला की गोष्ट घडली. शिक्का नाही तर घडली नाही, मग ती तुमच्या डोळ्यांदेखत का घडलेली असेना. सायकलच्या त्या घडीच्या कार्डावर चौकोन आखलेले असतात, प्रत्येक चौकोनात ठाण्याचं नाव, ठाणं बंद होण्याची वेळ, शिक्का आणि सही. मला ते कार्ड पाहून घरच्यासारखं वाटायचं. दिगंबर मात्र पहिल्या दिवसापासून म्हणायचा, हे तुझं खातं, तू सांभाळ.

त्यातूनच ती सवय पडली. ठाण्यावर पोचलो की एकाने सगळ्यांची कार्डं गोळा करून टेबलाशी जायचं आणि बाकीच्यांनी तोवर पाणी भरायचं, पोहे सांगायचे, पाय मोकळे करायचे. आमच्यात याला गड्डी नेणं म्हणत. नियमात ते बसतं की नाही हे कुणी विचारलं नाही, कारण माणसं समोरच दिसत असायची. टेबलावरचा स्वयंसेवक मान वर करून पाहायचा, कुणीतरी लांबून हात वर करायचं, आणि पाच-सहा शिक्के एका दमात ठक ठक पडायचे. बहुतेक वेळा गड्डी मीच नेत असे.

येत्या जानेवारीत त्या दिवसाला दोन वर्षं होतील. तीनशेची स्वारी होती. पहाटे पाचला बुलढाण्यातून निघून घाट उतरायचा, मोताळा, मलकापूर करून पुढे जायचं, तिथून परत फिरून घाट चढून बुलढाण्याच्या ठाण्यावर दुपारी तीनच्या आत शिक्का घ्यायचा, आणि मग चिखली, हिवरा आश्रम, मेहकर करून रात्री परत. दोनशे आमचे झाले होते. दिगंबर त्या दिवशी खुशीत होता. त्याच्या मुलीला, रेणुकाला, छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली होती आणि तिने पहिल्या पगारातून त्याला सायकलला लावायची एक बाटली पाठवली होती, पाणी गार ठेवणारी, निळी. मोताळ्यापर्यंत त्याने ती तीन जणांना दाखवली. रस्त्यावर शेंगा विकणाऱ्या बाईलाही दाखवली.

मलकापूरच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. चाक काढलं, ट्यूब बदलली, चार किलोमीटरवर पुन्हा बसलं. काटा टायरमध्येच राहिला होता आणि घाईत मी तो चाचपलाच नव्हता. हवा भरायला दिगंबर. त्या वेळी ऊन चढलं होतं, आणि तो पंपावर वाकून घाम गाळत होता, नि मी घड्याळ पाहत होतो. पाऊण तास गेला. बाकीचे सगळे पुढे निघून गेले. आम्ही शेवटचे उरलो.

राजूरच्या पायथ्याशी आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. घाट चढून वर पोचायला त्याला एरवी तासभर लागायचा. तो सायकलवरून उतरला, कठड्याला टेकला. चेहरा राखेसारखा झाला होता आणि छातीच्या मधोमध तो मुठीने चोळत होता. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, "पित्त झालं बे. ते मिरचीचे भजे नडले." मी खिशातली पित्ताची गोळी त्याला दिली. ती त्याने चावून खाल्ली. पाच मिनिटं आम्ही तसेच बसलो. माझा डोळा मनगटावर होता, आणि ते त्याला दिसत होतं.

मग त्यानेच जर्सीच्या मागच्या खिशातून कार्ड काढलं. "हे घे. तू पुढं हो. दोघाईचा शिक्का मारून ठेव. मी हळूहळू येऊनच राह्यलो."

मी म्हटलं, "अबे, तू तिथं नसशीन तं कसा मारन तो?"

"रोज कसा मारते? गड्डी घेऊन जाय. मी चहा पिऊन राह्यलो म्हनून सांग." मग हसून म्हणाला, "बाबू, एका दिवसापुरता खोटा शिक्का मार ना. तुह्या कोर्टात काय सगळे खरेच असतात?"

मी कार्ड घेतलं. एवढंच मी केलं, असं म्हणायला मन फार धावतं. त्याने दिलं, मी घेतलं. पण मी ते आनंदाने घेतलं, आणि खरं ते हेच. थांबावं असं मला वाटलं नाही. सुटलो असं वाटलं.

घाटात एका वळणावर मी मागे वळून पाहिलं होतं. खाली तो सायकल हातात धरून चालत होता. माझ्याकडे पाहून त्याने हात हलवला. त्या हात हलवण्याचा अर्थ मी त्या क्षणी 'जा' असा लावला.

बुलढाण्याच्या ठाण्यावर पोचलो तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. टेबलावर अकोल्याहून आलेला एक ओळखीचा स्वयंसेवक, सकाळपासून बसून कंटाळलेला. मी दोन कार्डं पुढे केली. त्याने विचारलं, "दिगूभाऊ कुठं आहेत?" मी चहाच्या टपरीकडे हनुवटी केली. टपरीपाशी पाच-सहा माणसं पाठमोरी उभी होती. त्याने वळून पाहिलं, मान हलवली. ठक, ठक. दोन शिक्के, दोन्हीखाली वेळ एकाच मिनिटाची. आयुष्यात मी हजारो शिक्के मारले असतील, पण खोट्या कागदावर शिक्का घ्यायला हात पुढे केल्यावर तो इतका सरळ मिळतो हे मला माहीत नव्हतं.

वीस मिनिटं थांबलो. फोन लावला, लागला नाही. घाटात रेंज येते-जाते, त्याचं काही वाटलं नाही. पुढचं ठाणं हिवरा आश्रमाचं, वेळ मोजकी. त्याचं कार्ड माझ्या कार्डाला चिकटून माझ्या खिशात. मी निघालो.

केळवदला सुनंदावहिनी रस्त्यावर उभ्या होत्या. दिगंबरची बायको. दर स्वारीला त्या रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या. डबा द्यायचा नाही, कारण ठाण्याव्यतिरिक्त बाहेरची मदत चालत नाही, हे दिगंबरने त्यांना नीट समजावलं होतं. नुसतं बघायला उभ्या राहायच्या. मला एकट्याला पाहून त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "हे कुठं हायेत?"

"मागंच आहे वहिनी. येऊन राह्यला पंधरा-वीस मिनिटांत."

"बरं हाये ना?"

"हो हो. पित्त झालं होतं थोडं, बाकी मजेत."

या दोन वाक्यांनी मी तिथून पुढे सरकलो. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मागच्या हंगामात मी त्याच रस्त्यावरून चार वेळा गेलो, आणि चारही वेळा केळवद आलं की मान खाली घालून, गिअर बदलल्याचं नाटक करत, वेग वाढवून निघालो. रस्त्यावर कुणी उभं नव्हतं. तरीही.

साडेपाचच्या सुमारास मी हिवरा आश्रमाला पोचलो. पाण्याचा घोट घेतो न घेतो तोच आयोजकांचा फोन आला. वहिनींनी त्यांना फोन केला होता: मागच्या दीड तासात दिगंबर केळवदवरून गेलेला नाही. आयोजकांनी बुलढाण्याच्या ठाण्याला विचारलं, तिथून उत्तर आलं की भाऊंचा शिक्का तीनच्या आत पडलेला आहे. म्हणजे दिगंबर बुलढाण्याच्या पुढे आहे. म्हणून दोन गाड्या बुलढाणा ते केळवद आणि केळवद ते चिखली या रस्त्याने शोधत होत्या. विहिरी, नाले, ढाबे, दवाखाने. "तुमच्यासोबतच निघाला होता ना तो बुलढाण्याहून?" आयोजकांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "हो. जरा मागे होता."

हे वाक्य मी रोज ऐकतो. ते माझ्या आवाजात आहे, ते शांत आहे, आणि त्यात कुठेही घाबरणं नाही. त्या वेळी मनात काय होतं? मनात होतं की तो दमून कुणाच्या ट्रकमध्ये बसून घरी गेला असेल, आता येईलच फोन. मनात होतं की खरं सांगितलं तर दोघेही बाद, आणि खोट्या शिक्क्याचा कारकून म्हणून बुलढाण्यात माझी चर्चा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चहा घेतला. खरंच घेतला. माझा शिक्का मारून घेतला. मग मात्र सायकल उचलवेना. पन्नास मिनिटं मी आश्रमाबाहेरच्या एका ओट्यावर बसून होतो. पाखरं परतत होती, दिवे लागत होते, आणि दर पाच मिनिटांनी मी दिगंबरचा नंबर लावत होतो.

साडेसहाला मीच आयोजकांना फोन केला. इथे तरी मी खरं बोललो असेन, असं तुम्हाला वाटेल. मी म्हणालो, "मला आत्ता आठवलं. शिक्का घेतल्यावर तो म्हणाला होता, बाटली घाटात कठड्यावर राहिली, घेऊन येतो. तो परत घाटात उतरला असेल. तिकडं पाहा."

म्हणजे शिक्का खराच राहिला. माझं नाव शुद्ध राहिलं. आणि त्या मोठ्या माणसाच्या जिवावर मी एक निळी बाटली ठेवली. बाटलीच का सुचली? कारण दिवसभर तो तिच्याबद्दल बोलत होता. खोट्याला आधार लागतो, आणि तो त्यानेच सकाळपासून माझ्या कानात ओतला होता.

सातच्या आत तो सापडला. घाटाच्या तिसऱ्या वळणावर, कठड्याच्या पलीकडे, सागाच्या झाडाला टेकून, रस्त्यावरून दिसणार नाही असा. सायकल त्याने नीट झाडाला लावून ठेवली होती. बाटली शेजारी होती. माझं खोटं इतकं बेमालूम बसलं की ऐकून माझीच पाचावर धारण बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी तपासून, अंगाची ऊब पाहून सांगितलं, जाऊन फार वेळ झालेला नाही. जरा आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. हिवरा आश्रमाहून मिळेल त्या गाडीने मी तिथे पोचलो होतो, आणि हे भिंतीला टेकून ऐकलं. वहिनीही ऐकत होत्या.

तेराव्याला मी केळवदला जेवलो. गावकरी हळहळत होते: शिक्का झाला होता, घाट चढून आला होता, आणि एका बाटलीपाई परत गेला. प्रत्येकजण 'एका बाटलीपाई' म्हणायचा आणि मान हलवायचा. मीही हलवली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला त्या पंगतीत दुसऱ्यांदा भात मागताना काहीच खवखवलं नाही. ते नंतर सुरू झालं, आणि मग थांबलं नाही. कोर्टात कुठलाही शिक्का उचलला की उजवा हात क्षणभर थांबायचा. साहेबांनी एकदा विचारलं, "बाबूजी, शाई संपली का?"

मग मी मालिका करायला घेतली. एकटा. ठाण्यावर पोचलो की कार्ड स्वतः टेबलावर न्यायचो, स्वतःच पुढे करायचो. "काका, बसा तुम्ही, आम्ही मारून आणतो," असं कुणी म्हटलं की माझा चेहरा कसा होत असेल कोण जाणे. ते परत म्हणत नसत. सहाशेच्या शेवटच्या शंभरात, मेहकरच्या पुढे भर उन्हात मी तीन वेळा रस्त्याकडेला बसलो आणि तीनही वेळा छातीवर हात ठेवून पाहिलं. काही नव्हतं. ठणठणीत होतो. चाळीस तासांच्या आत पोचलो, शिक्का पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा थकलो होतो, तरी झोप आली नाही.

मागच्या आठवड्यात रेणुकाचा फोन आला. म्हणाली, "काका, आई म्हणते रविवारी जेवाले या. बाबाची मालिका तुमी पुरी केली, आईले कळलं." नाही म्हणायला मला काही सुचलं नाही. मनात म्हटलं, आता पुढे ढकलायला एकही स्वारी उरलेली नाही.

केळवदच्या घरी ओसरीवर चटई टाकली होती. रेणुका घरी होती; मला वाटलं, सुट्टी काढून आली असेल. आधी इकडचं तिकडचं झालं. मी तिला नोकरीचं विचारलं, तर म्हणाली, सोडली, इथेच जवळ काही पाहते आहे. का, म्हटलं, तर तिने आत आईकडे पाहिलं. वहिनीच आतून बोलल्या, "तिच्या मनानं घेतलं ना, भाऊजी. म्हनते, मी ते बाटली पाठवली नसती तं बाबा खाली गेले नसते. तिकडं राहून जेवत नव्हती. मीच घेऊन आली."

रेणुका खाली पाहत चटईची काडी ओढत होती. सत्तावीस वर्षांची मुलगी, हडकलेली, मनगटावर घड्याळ सैल झालेलं. माझं खोटं इतके दिवस मी माझं समजत होतो. माझ्या खिशातलं, माझ्या झोपेतलं. ते या घरात येऊन या पोरीच्या अंगावर बसलं आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला तेराव्यानंतर मी कधी आलोही नव्हतो.

वहिनींनी ताट आणून ठेवलं. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, वर तेल सोडलेला ठेचा. मी ताटाला हात न लावता सांगायला सुरुवात केली. पंक्चरपासून सांगितलं. पित्ताची गोळी सांगितली. कार्ड, चहाच्या टपरीकडे केलेली हनुवटी, हिवरा आश्रमाचा ओटा, पन्नास मिनिटं, आणि बाटली. बाटलीचं सांगताना रेणुकाकडे पाहून सांगितलं. काही गाळलं नाही.

मग वहिनी म्हणाल्या, "म्हंजे ते वर आलेच नाई?"

"नाही, वहिनी."

"आमी केळवद ते चिखली पाह्यत होतो, अन् ते तिकडं घाटात होते."

"हो."

"अन् तुमाले माहीत होतं."

"हो."

त्यांच्या हातात भाकरीची टोपली होती, ती त्यांनी खाली ठेवली. आवाज चढला नाही. "दोन वर्सं मी त्याईले शिव्या देऊन राह्यली, भाऊजी. रोज दिवा लावतानी. एवढी मोठी पोर, एवढं घर, अन् तुमी एका बाटलीपाई गेले म्हनून. त्याईच्या फोटोले हात जोडले नाईत मी एक दिवस."

रेणुका रडायला लागली. वाटलं उठून निघावं. मी चटईवरून अंग उचललं, तर वहिनींनी हात आडवा केला.

"बसा. वाढल्या ताटावरून उठवत नाई आमच्यात कोनाले. जेवा. अन् मंग या घरी पाय ठेवू नका."

मी बसलो. भाकर मोडली, सोल्यांची भाजी लावून घास तोंडात घातला. दोघी समोर बसून पाहत होत्या. मी एक कणही मागे ठेवला नाही. ताट रिकामं होताना पाहून रेणुकाने डोळे पुसले, आणि कुणी सांगितलं नाही तरी टोपलीतली आणखी एक भाकर माझ्या ताटात टाकली. मी तीही खाल्ली.